नानांचं केरळ

केरळला जायचं ठरलं की आमच्या सोसायटीतली माणसं तिकिटाआधी नानांना गाठतात. असे एक नाना प्रत्येक सोसायटीत असतातच. बँकेतून निवृत्त, हातात लाल-निळ्या पेनांनी आखलेली फुलस्केप वही. रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत २०२४च्या नोव्हेंबरपासून १२० दिवसांवरून ६०वर आणली, तेव्हा बाकीच्यांना काही वाटलं नसेल. नानांच्या आयुष्यातले मात्र साठ दिवस सरकारने परस्पर लाटले.

"मार्चमध्ये मुन्नार? मग एरविकुलमच्या फाटकाचं कुलूप बघून या," चहाचा कप खाली न ठेवता नाना सांगतात. फेब्रुवारी-मार्च म्हणजे तिथल्या निलगिरी ताहर या रानबकऱ्यांचा विणीचा हंगाम. राष्ट्रीय उद्यान बंद. माहिती खरी असते, नानांशी वाद घालायची पंचाईत तिथेच होते. कोची-मुन्नार सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे अडीच तास, असं म्हणणाऱ्या जावयाला त्यांनी घाट समजावून पाच तास धरायला लावले. त्यात चीयप्पारा धबधब्याला बारा मिनिटं. "सात टप्पे आहेत. टप्प्याला दीड मिनिट, उरलेलं दीड फोटोला."

केरळला या वेळापत्रकाची प्रत कुणी दिलेली नसते. थेक्कडीला सकाळची बोट निघते. १८९५च्या धरणाने बुडवलेल्या झाडांचे काळे खुंट पाण्यातून डोकावतात, त्यांवर पाणकावळे पंख वाळवत बसलेले. वहीत मात्र 'हत्ती : ७.५०'. पाणकावळ्यांची नोंद नसल्यामुळे नाना तिकडे बघतही नाहीत. शेवटी काठावरच्या गवतातून एक हत्तीण पिल्लाला घेऊन पाण्याकडे उतरते. अख्खी बोट श्वास रोखून तिच्याकडे बघते, नाना घड्याळाकडे.

"पस्तीस मिनिटं लेट."

अलेप्पीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास हाउसबोट काठाला बांधतात, कारण नंतर पाण्यात मच्छीमारांची जाळी पडतात. पैसे मोजून आलेले प्रवासी हिरमुसतात. नाना खुलतात. वक्तशीर असं काहीतरी या राज्यात एकदाचं सापडलेलं असतं!

"अहो, सूर्य बघा ना," काकू म्हणतात.

"पाहिलाय. व्हिडिओत."

काकूंना खासगीत विचारा. त्यांनी केरळ पाहिलं ते नानांना गाडीत डुलकी लागायची तेव्हा.

आता नानांच्या वहीत कुरिंजी आहे. मुन्नारचे डोंगर बारा वर्षांतून एकदा निळे करणारं हे फूल २०१८मध्ये फुललं, पण ऑगस्टच्या महापुराने नानांचा बेत अक्षरशः पाण्यात गेला. पुढचा फुलोरा २०३०चा. त्याचं पान आखून तयार आहे : गाडी, मुक्काम, पावसाची शक्यता, डोंगर चढायला लागणारी मिनिटं. समासात लाल पेनने लिहिलंय, 'गुडघ्याचं ऑपरेशन २०२९मध्ये उरकणे.'