आत्याचा वन्समोअर

आमची आत्या राहते एडिसनला, पण नांदते मॅनहॅटनमध्ये, ४१व्या ते ५४व्या रस्त्यांच्या दरम्यान. न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर. कुणी परसात अळू लावतं, कुणी पोरांकडून रविवारी शुभंकरोति घोकून घेतं, कुणी गणपतीत दरवर्षी तेच एक फार्सिकल नाटक नव्याने बसवतं. आत्याने हे सगळं थोडं थोडं करून पाहिलं आणि सोडून दिलं. तिला लागला ब्रॉडवे म्युझिकलचा नाद. मुद्दामच नाद म्हणतो. छंद असता तर काकांनी त्याला बजेट घालून दिलं असतं.

मी पुण्याहून पोचलो तो मंगळवार होता. विमानात अवघडून मान धरली होती. आत्याने चहा पुढे केला, आई कशी आहे विचारलं आणि उत्तर यायच्या आत म्हणाली, "उद्या बुधवार आहे, लवकर झोप." मला वाटलं, उपास असेल. बुधवारी मॅटिनी असते. आठवड्याला आठ प्रयोग, बुधवार-शनिवार दुपारचा खेळ, बहुतेक ठिकाणी सोमवारी सुटी, हे त्या घराचं पंचांग. दातांच्या डॉक्टरची वेळ, गाडीचं सर्व्हिसिंग, पाहुण्यांना विमानतळावर सोडणं, सगळं सोमवारी. नातवाच्या मुंजीला सोमवारचा मुहूर्त नाही म्हटल्यावर तिने भटजी बदलला.

"ब्रॉडवे म्हणजे तो रस्ताच ना?" असं मी पहिल्याच दिवशी विचारून बसलो. काकांनी वर्तमानपत्र खाली करून माझ्याकडे कणवेने पाहिलं आणि पुन्हा वर केलं.

"रस्ता आहे, पण रस्त्याचा काही संबंध नाही," आत्या म्हणाली. "थिएटरं एकेचाळीस. खुद्द त्या रस्त्यावर आहेत ती हाताच्या बोटांवर मोजावीत. बाकीची आजूबाजूच्या गल्ल्यांत. एक तर पार लिंकन सेंटरला, ६५व्या रस्त्यावर. बघायच्या त्या खुर्च्या. पाचशे असल्या की ब्रॉडवे. चारशे नव्याण्णव असल्या की ऑफ-ब्रॉडवे, मग तिथे साक्षात तुंबरू का गाईना."

"आणि पाचशेतली एक मोडली तर?"

यापुढचे दोन दिवस माझ्या चहात आलं नव्हतं.

काका निवृत्त अकाउंटंट. चाळीस वर्षांत त्यांनी या एकेचाळिसांपैकी बहुतेक थिएटरांत झोप काढलेली आहे आणि त्यांच्यापाशी प्रत्येक नाटकाचं त्या दृष्टीने परीक्षण तयार असतं. 'लायन किंग'ला झोपायच्या फंदात पडू नये, पहिल्याच गाण्याला जनावरं प्रेक्षकांतून चालत येतात आणि हत्ती अंगावरून गेल्यासारखं वाटतं. 'फँटम' सर्वोत्तम. त्यातलं ते प्रसिद्ध झुंबर बरोबर मध्यंतराच्या तोंडाशी कोसळायचं, म्हणजे वेगळा गजर लावायला नको. तक्रार एकच. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी ही थिएटरं बांधली त्यांना माणसाला गुडघे असतात हे कुणी सांगितलं नसावं.

आत्या अमेरिकेत आली ती १९८०च्या आसपास. इस्पितळात औषधं मोजून द्यायची नोकरी, पगार बेताचा, तिकीट आवाक्याबाहेर. पण तिला त्या गावातला एक जुना धर्ममार्ग कुणीतरी दाखवला. मध्यंतरात लोक सिगारेट ओढायला फुटपाथवर येत. त्या घोळक्यात मिसळायचं, आणि मंडळी आत निघाली की आपणही त्यांच्याबरोबर आत शिरून रिकामी खुर्ची धरायची. दुसरा अंक फुकट. या प्रकाराला तिकडे चक्क 'सेकंड ॲक्टिंग' असं नाव आहे. आत्याने जन्मात सिगारेट ओढली नाही, पण या कामासाठी पर्समध्ये एक ठेवलेली असे. ती एकच सिगारेट पाच वर्षं पुरली.

परिणाम असा झाला की कितीतरी नाटकांचा तिला फक्त उत्तरार्ध माहीत होता. 'ले मिझराब्ल'मधला तो बिचारा माणूस मुळात तुरुंगात का गेला, हे तिला पुढे तिकीट काढल्यावर समजलं. "पाव चोरला म्हणून! एका पावासाठी तो पोलीस तीन वेळा माझ्यासमोर दुसरा अंकभर त्याच्या मागे लागला होता!" असं म्हणून ती गाडीत घरापर्यंत धुमसत होती. 'कॅट्स'मधली मांजरं रात्री का जमतात हे मात्र पहिला अंक पाहूनही नीट उमगलं नाही, असं ती प्रामाणिकपणे सांगते.

आता पैसा आहे, पण पूर्ण दराने तिकीट काढणं तिला हुंडा दिल्यासारखं वाटतं. ४७व्या रस्त्यापाशी लाल काचेच्या पायऱ्या आहेत. सगळं जग तिथे फोटो काढायला बसतं. त्या पायऱ्यांच्या पोटात टीकेटीएस नावाच्या खिडक्या आहेत आणि १९७३पासून त्या चौकात त्या दिवशीची उरलेली तिकिटं उतरत्या भावाने विकली जातात. आत्या तिथे तिकीट हातात असलं तरी रांगेत उभी राहते. लोकांचं भलं करायला. माझ्यादेखत तिने ओहायोहून आलेल्या एका जोडप्याची पत्रिका जुळवली. लग्नाला किती वर्षं झाली, मुलं केवढी, बरोबर कोण आहे, सगळं विचारून घेतलं. सासूबाई बरोबर आहेत म्हटल्यावर तिने 'शिकागो' तत्काळ बाद केलं. "त्यात बायका माणसं मारून सुटतात. नंतर जेवायला बसाल तेव्हा बोलणार काय?" ते दोघं मान डोलावून 'अलाद्दीन'ची तिकिटं घेऊन गेले. जाताना त्यांनी आत्याला बक्षिशी देऊ केली.

सोडतीतही तिचा हात धरणारं कुणी नाही. १९९६ साली 'रेंट' आलं तेव्हा पुढच्या दोन रांगा वीस डॉलरला ठेवल्या होत्या, आधी येईल त्याला. लोक रात्रीच पथारी टाकू लागले आणि शेवटी सोडत काढायची पाळी आली. त्या पथाऱ्यांत एक आमची होती. काका सकाळी ऑफिसला जाताना थर्मास पोचवून जात. 'हॅमिल्टन' आलं २०१५ साली, तेव्हा सोडतीचं तिकीट दहा डॉलर, कारण दहाच्या नोटेवर त्याच हॅमिल्टनचं चित्र आहे. आत्याला सोडत लागली. मुलाचं ॲडमिशनचं पत्र आलं तेव्हा देवापुढे साखर ठेवली होती, हॅमिल्टनच्या वेळी पेढे.

थिएटरात मात्र ही बाई वेगळीच. तिथे ती कडक सोवळ्यात असते. पर्समध्ये खोबऱ्याच्या वड्या, त्याही सुती रुमालात. प्लॅस्टिकचा कागद सोडवताना जो चुरचुर आवाज होतो तो तिच्या लेखी महापातक आहे. मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि बायकांच्या स्वच्छतागृहाची रांग पंढरीच्या दर्शनबारीएवढी, म्हणून पहिल्या अंकाची शेवटची तान हवेत असतानाच ती वाकून निघते आणि घरंदाज चोरासारखी काळोखात नाहीशी होते. टाळ्या ती जिन्यातून वाजवते.

प्रत्येक प्रेक्षकाला पिवळ्या पट्टीची 'प्लेबिल' नावाची पुस्तिका फुकट मिळते. कधी तिच्यात एक चिठोरी सरकवलेली असते, आजच्या प्रयोगात अमक्याच्या जागी तमका. ती चिठोरी पाहून नावाजलेल्या नटासाठी आलेली माणसं सुस्कारे टाकतात. आत्या टवकारून बसते. पाच-पाच, सात-सात भूमिका पाठ करून विंगेत तयार राहणारी माणसं असतात, त्यांना तिकडे 'स्विंग' म्हणतात. त्यांना आज उजेड मिळाला याचा तिला कोण आनंद! प्रयोगानंतर ती मागच्या दाराशी जाऊन अशाच एखादीची प्लेबिलवर सही घेते आणि जेवलीस का विचारते. अमेरिकेत हा प्रश्न नटीला कुणी विचारत नसावं. एक पोरगी खरंच नाही म्हणाली आणि तिला दोन वड्या मिळाल्या.

या प्लेबिलांची खोकी तळघरात आहेत. एकदा तळघरात पाणी शिरलं. आत्याने आधी खोकी वर आणली, मग वॉटर हीटर बंद केला, मग लग्नाचा अल्बम. काका म्हणतात, अल्बमचा नंबर लागला हेच विशेष.

तिच्याशी वाद घालावा तो संगीत नाटकावरून. मी पुणेकर असल्याने घातलाच. आपल्याकडे १८८०मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं, रात्र रात्र नाटकं चालत, हे तुमचं अडीच तासांचं प्रकरण काय सांगतेस? आत्या तयारच होती. १८६६ साली न्यूयॉर्कला 'द ब्लॅक क्रूक' लागलं तेव्हा तेही पाच तासांच्या वर चाललं होतं, म्हणजे बैठक दोन्हीकडे दांडगी. फरक गाण्याच्या जागेचा. "आपल्याकडे गोष्ट थांबते आणि गाणं होतं. राजा दारात उभा, आणि ही आपली आळवतेय! इथे १९४३च्या 'ओक्लाहोमा!'पासून शिस्त अशी की गाणं सुरू करणारा माणूस गाणं संपताना तोच राहता कामा नये. बोलून भागेना म्हणून तो गातो." हे मला पटलं, पण मी तसं म्हणालो नाही. पुढे ती स्वतःच म्हणाली, "पण एक आपल्याकडे होतं. वन्समोअर."

आत्याच्या आजोबांनी बालगंधर्वांना ऐकलेलं. एकेका पदाला किती वन्समोअर पडले याचे हिशेब त्या घरात गोष्टींऐवजी सांगितले जात. ब्रॉडवेला आल्यावर एका गाण्याला आत्या भारावून "वन्समोअर!" ओरडली. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, बाईंना काही झालं. बॅटरी घेऊन मुलगी धावत आली. पुढे काकांनी, सगळं झोपेत ऐकूनही, मुद्दा समजावला. खेळ तीन तासांवर गेला की वाजवणाऱ्यांना ओव्हरटाइम द्यावा लागतो. 'ले मिझराब्ल' तेवढ्यासाठी पुढे काही मिनिटं कापून तीन तासांच्या आत बसवलं. तिथे तुझ्या वन्समोअरला कोण विचारतो?

तेव्हापासून आत्या आपला वन्समोअर आपणच घेते. म्हणजे दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढते. 'फँटम'ला असे तीस वन्समोअर झाले. १६ एप्रिल २०२३ला १३,९८१ प्रयोगांनंतर ते बंद पडलं, त्या रात्री घरात नुसता वरणभात होता आणि काकांनीही तूप मागितलं नाही.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या शनिवारी तिला 'विकेड'ची सोडत लागली. सोडतीत दोनच तिकिटं मिळतात. ती तिची आणि माझी, पुढची. काकांसाठी वरच्या मजल्यावरचं एक वेगळं काढलं. "झोपायला पुढची रांग कशाला?" हा युक्तिवाद त्यांनाही मान्य होता.

५१व्या रस्त्याने जाताना आत्या अचानक थांबली, चपला काढायच्या बेतात आहे की काय असं वाटलं, आणि एका चर्चला तिने हात जोडले. दारातल्या स्वयंसेवकाने आनंदाने माहितीपत्रक पुढे केलं. ते चर्च पूर्वी मार्क हेलिंजर थिएटर होतं आणि १९५६ साली तिथे 'माय फेअर लेडी' उभं राहिलं. पुण्यात कॉलेजात असताना आत्याने 'ती फुलराणी'त भक्ती बर्वेंना पाहिलं होतं. दोन्ही फुलवाल्या एकाच शॉच्या नाटकातल्या, मावसबहिणी म्हणायला हरकत नाही. "माझ्या फुलराणीचं आजोळ आहे हे," ती त्या स्वयंसेवकाला मराठीतच म्हणाली. तो "आमेन" म्हणाला.

पलीकडेच गर्शविन. सुमारे १९०० खुर्च्यांचं अजस्र थिएटर, 'विकेड' तिथे २००३पासून ठाण मांडून आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी हिरवी चेटकीण गात गात वर उचलली जाते तेव्हा मी आत्याला काहीतरी सांगायला वळलो, तर खुर्ची रिकामी. ती रांगेत पहिली लागली होती. मध्यंतरात काका डोळे चोळत जिन्यापाशी भेटले. "उडाली का?" त्यांनी विचारलं. उडाली म्हटल्यावर समाधानाने परत वर गेले.

सुटल्यावर पेन स्टेशनपर्यंत आम्ही जवळजवळ धावत गेलो. गाडीत आत्या समोरच्या बाकावर रुमाल उघडून बसली आणि फोनवर उद्याच्या सोडती भरू लागली. काका खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून. गाडी बोगद्यातून बाहेर पडली तेव्हा मला बारीक गुणगुण ऐकू आली. दुसऱ्या अंकातलं, त्या दोघी मैत्रिणी एकमेकींचा निरोप घेतात ते गाणं. एका जागेलाही चूक नाही. एकीची ओळ संपवून काका दुसरीच्या ओळीवर गेले, आणि तिथून सरळ शेवटावर आले.

आत्याचा अंगठा फोनवर तसाच राहिला होता.

"वन्समोअर," ती म्हणाली.

काकांनी डोळे उघडले नाहीत. "अकरा वाजून गेले," ते म्हणाले. "ओव्हरटाइम पडेल." आणि वडीसाठी हात पुढे केला.