निर्मनुष्य प्रदेशाचा बंदोबस्त

निसर्गचित्रणाचा छंद जडलेल्या गृहस्थाच्या दिवाणखान्यात टांगलेली छायाचित्रे पाहिली, की सह्याद्री हा मनुष्याचे पाऊल कधीच न उमटलेला, सृष्टीच्या आरंभापासून धुक्याखाली जसाच्या तसा पहुडलेला मुलूख असावा, असा पाहणाऱ्याचा ग्रह होतो. आणि हा ग्रह अबाधित राहावा म्हणून त्या गृहस्थाने किती अर्जविनंत्या केल्या, किती अनोळखी कुटुंबांशी वाकडेपणा पत्करला, याचे सारे साक्षीदार चौकटीच्या बाहेर, म्हणजे बरोबर कॅमेऱ्याच्या पाठीमागे, भुईमुगाच्या शेंगा खात उभे असतात. इतर कलांत विषय शोधावा लागतो. या कलेत तो जागच्या जागी असतो, पण त्याच्यापुढून मनुष्यजात हद्दपार करावी लागते.

माझ्या ज्या चित्राला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी "काय हो हा एकांत!" अशी दाद दिली, ते भाद्रपदातल्या एका रविवारी कासच्या पठारावर घेतलेले आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठारही जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाले, आणि तेव्हापासून वारसदारांची तेथे रीघ लागलेली असते. सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा विस्तार, त्यात गेंदाचे पांढरे ठिपके, आणि या दोहोंवर मात करणारे रेनकोटांचे रंग, असा एकंदर देखावा. मनुष्य वगळून उरलेले पठार टिपायचे, तर कॅमेरा फुलांच्या पातळीला न्यावा लागतो, म्हणजे पलीकडची माणसे फुलांआड जातात. म्हणून मी आखून दिलेल्या पायवाटेवरच, कोणताही नियमभंग न करता, पालथा पडलो. परंतु प्रौढ वयाचा इसम भर वाटेत पालथा पडलेला दिसला, की आपल्या लोकांची भूतदया तत्काळ जागृत होते. "काकांना चक्कर आली!" असा पुकारा झाला, कोणी पाणी आणले, कोणी कांदा शोधू लागले, आणि मी मान वर करून माझी कैफियत मांडीपर्यंत माझ्याभोवती एवढा जमाव जमला, की समोरचे पठार खरोखरच ओस पडले. ते चित्र त्या क्षणाचे आहे.

या निर्मनुष्यतेची परंपरा थेट छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेपर्यंत जाऊन पोचते. १८३८ साली दागेर याने पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र उंचावरच्या खिडकीतून घेतले. रस्ता गाड्याघोड्यांनी आणि पादचाऱ्यांनी गजबजलेला होता. पण त्या काळच्या पत्र्यावर चित्र उमटायला काही मिनिटे लागत असल्यामुळे, हलणाऱ्या कोणाचाही मागमूस त्यावर राहिला नाही. कोपऱ्यावर एक गृहस्थ तेवढे बुटांना पॉलिश करून घेण्यासाठी पाय पुढे करून थांबले होते. ते उमटले, आणि छायाचित्रात सापडलेला पहिला मनुष्य म्हणून अजरामर झाले. त्यांचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

हेच तत्त्व हाती धरून आम्ही हौशी मंडळी आज भिंगापुढे एक काळी काच बसवतो. एनडी फिल्टर या नावाने ती ओळखली जाते, आणि तिची जबर जात प्रकाशाचा सुमारे हजारावा हिस्सा तेवढा आत सोडते. त्यामुळे जे काम क्षणात उरकायचे ते अर्धा मिनिट चालते, धबधब्याचे दूध होते, ढगांचा कापूस पिंजला जातो, आणि फिरती माणसे विरून जातात, असे शास्त्र सांगते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मी या शास्त्राची परीक्षा घेतली. कडा आतल्या बाजूस वळलेला, खाली कोकण, समोर नाफ्त्याचे सुळके, आणि पश्चिमेला कलणारे ऊन खडकाच्या थरांवर असे आडवे पडलेले, की दगडाचा प्रत्येक पदर वेगळा मोजून घ्यावा. अशा वेळी ट्रायपॉडचे पाय रोवून, बोटाने बटण न दाबता नुसते उभे राहण्यात जो आनंद आहे, तो छापील चित्रात पुढे कधीच सबंध उतरत नाही, हे मला मान्य आहे. पण शास्त्र मात्र तेथे थिटे पडले. मनुष्य चालता आहे, हे त्याचे गृहीतक. आमचा पर्यटक कड्याच्या काठावर येतो, दोन्ही हात पसरून, हनुवटी उचलून थिजतो, आणि मोबाइलधारी मित्राचे समाधान होईतो हलत नाही. तो हललाच, तर त्याच दगडावर, त्याच आविर्भावात, दुसरा रुजू होतो. परिणामी माझ्या चित्रात अनेक पर्यटकांच्या संयोगातून एकच भरीव, विशाल बाहूंचा, चेहरा नसलेला पुरुष निर्माण झाला आहे, आणि त्याला नमस्कार करावा की पुसून टाकावा, याचा निर्णय मी तहकूब ठेवला आहे.

साधनसामग्रीविषयी कुरकुर करण्याचा अधिकार मला नाही. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६६ साली हिमालयातील अठरा हजार फुटांहून उंच मणिरंग खिंडीत चित्रे घेऊन आला. काचेवर ओले रसायन ओतायचे, ते वाळण्यापूर्वी चित्र घ्यायचे, आणि तेथल्या तेथे अंधाऱ्या तंबूत ते धुवायचे, असा तो मामला असल्याने त्याच्यासोबत हमालांचा मोठा लवाजमा असे. माझ्या लवाजम्यात माझा मेहुणा आहे. ट्रायपॉड तो वाहतो, त्या मोबदल्यात दर पाच मिनिटांनी "भावजी, झालं का?" असे विचारण्याची सनद त्याने घेतलेली आहे.

अशा सर्व तपश्चर्येवर पाणी ओतणारी गोष्ट निसर्गानेच एका सकाळी केली. त्याच कड्यावर आम्ही उभे. पाठीमागे नुकतेच वर आलेले सूर्यबिंब, पुढे दरीत काठोकाठ भरलेले धुके. आणि धुक्यावर पडलेल्या आमच्या सावल्यांवर एकाएकी सप्तरंगी वर्तुळ उमटले. हे इंद्रवज्र. कर्नल साइक्स याने दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधात १८३५ सालीच या गडावरच्या अशा वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद केली आहे. धुक्याचे सूक्ष्म थेंब प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात, म्हणून या वर्तुळाचा मध्य पाहणाऱ्याच्याच मस्तकाच्या सावलीवर पडतो. मनुष्याला चौकटीबाहेर घालवण्यात ज्याने हयात खर्च केली, त्याला सृष्टीने चौकटीच्या मध्यभागी, प्रभावळीसकट, प्रतिष्ठित केले.

"भावजी, माझ्या डोक्याभोवती बघा!" मेहुणा ओरडला. मी पाहिले, त्याच्या डोक्याभोवती काहीही नव्हते, जे होते ते स्वच्छ माझ्याच डोक्याभोवती होते, आणि तसे मी त्याला सांगितले. पाचनईचे वाटाडे मामा बिडी शिलगावीत म्हणाले, "साहेब, माझ्याभवती तर लई येळा दिसलंय."

घरी चित्र पाहिल्यावर तंटा वाढला. भिंग माझ्या डोळ्याशी असल्यामुळे वलयही माझ्याच सावलीला पडलेले. शेजारी मेहुणा, खांद्यावर ट्रायपॉड घेतलेला, साधा काळा. त्याच्या प्रभेचा संगणकावर अपहार झाला, अशी फिर्याद त्याने बहिणीपुढे दाखल केली. मी प्रकाशशास्त्राचा आधार घेतला, साइक्ससाहेबाची साक्ष काढली. पण माहेरच्या पक्षकारापुढे परकीय साक्षीदाराचे काय चालणार? पुढच्या पावसाळ्यात कॅमेरा मेहुण्याच्या हाती आणि ट्रायपॉड माझ्या खांद्यावर, असा हुकूम झाला असून, "झालं का?" विचारण्याची सनद माझ्याकडे वर्ग करावी, एवढीच दुरुस्ती मी सुचवली आहे.