बुर्रोपासून सावधान

पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी स्पॅनिश शिकलो. शिकलो म्हणजे परीक्षेत काठावर पास झालो आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत सुटलो. इटलीला जायचं ठरलं तेव्हा बायकोने मोबाइलवर भाषांतराचं ॲप टाकून घेतलं. मी तिला हसलो. "अगं, स्पॅनिश, इटालियन, फ्रेंच, पोर्तुगीज, सगळ्या लॅटिनच्या लेकी. एक आली की बाकीच्या आपोआप समजतात." बायको नुसतं "बरं" म्हणाली. तिच्या 'बरं'ला निदान चार अर्थ असतात.

पहिला चटका हॉटेलच्या न्हाणीघरात बसला, तोही शब्दशः. नळावर 'सी' अक्षर बघून मी तो गार पाण्याचा समजून खुशाल सोडला. खरं तर स्पेनमध्येही 'सी' म्हणजे गरमच, पण ऐन वेळी माझं स्पॅनिश झोपलं आणि इंग्रजी जागं झालं. खाली काउंटरवरच्या बाईंनी समजावलं, "सी, काल्दो!" काल्दो म्हणजे स्पॅनिशमध्ये कढण. नळाला कढण येतं हे ऐकून मी भाजलेला खांदा चोळत वर आलो. इटालियनमध्ये काल्दो म्हणजे सरळसाधं 'गरम'. मूळ लॅटिन शब्द एकच, पण स्पेनमध्ये तो पातेल्यात शिरला.

तरीही माझा आत्मविश्वास शाबूत होता. तो मान्तोव्हात गेला.

मान्तोव्हा हे उत्तर इटलीतलं तळ्यांनी वेढलेलं जुनं गाव. महाकवी व्हर्जिलचा जन्म याच परिसरातला, इसवी सनपूर्व 70चा. म्हणजे लॅटिनचं माहेरच म्हणायचं, असं मी बायकोला ऐकवत खानावळीत शिरलो. मेनूकार्ड उघडलं आणि पहिल्याच ओळीवर थबकलो. लाल भोपळ्याचं सारण भरलेले 'तोर्तेल्ली', आणि पुढे लिहिलेलं, 'बुर्रो ए साल्विया'.

बुर्रो! स्पॅनिशच्या पहिल्याच पुस्तकात चित्रासकट होता. लांब कानांचा, डोळे मिटलेला.

"हे घेऊ नकोस," मी दबक्या आवाजात म्हणालो, "यात गाढव आहे." बायकोने ॲप काढलं, ते बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणून नेमकं तेच मागवलं. मी हात टेकले. स्वतःसाठी मात्र निर्धोक वाटणारा पदार्थ निवडला, 'स्त्राकोत्तो दाझिनो' आणि सोबत पोलेंता. स्त्राकोत्तो म्हणजे खूप वेळ शिजवलेलं, एवढा अंदाज आला. आझिनो हे गावाचं नाव असणार, आपल्याकडे कोल्हापुरी रस्सा असतो तसं.

फार सुरेख होतं हो. रेड वाइनमध्ये तासन्‌तास शिजून मांसाचे धागे सुटलेले, रस दाट काळपट, आणि मक्याच्या पिठाची ती गरम पोलेंता रस टिपून घ्यायला. मी ताटली पुसून खाल्ली. वर वेटरला विचारलं, "हे आझिनो गाव इथून किती लांब?"

वेटर वयस्क होता. त्याने आधी माझा प्रश्न समजून घ्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला. मग दोन्ही तळवे डोक्याशी उभे धरले, ते हलवले आणि भर खानावळीत रेकून दाखवलं.

अडला हरी गाढवाचे पाय धरतो हे ऐकून होतो; अडलेल्या हरीने गाढव पोलेंताबरोबर खाल्ल्याचं कुठे ऐकलं नव्हतं. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतलं गंगाजल पाजणारे नाथबाबा डोळ्यांपुढे उभे राहिले. मी त्यांच्या पैठणचा जावई.

बायकोच्या ताटलीत वितळलेलं लोणी चकाकत होतं. इटालियन बुर्रो म्हणजे लोणी. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्यामागे लॅटिन 'बुटीरुम', त्यामागे ग्रीक 'बूतिरॉन', म्हणजे गाईचं चीज. स्पॅनिश आणि पोर्तुगीज बुर्रोचा या लोण्याशी काडीचा संबंध नाही. तो आला लॅटिनमधल्या 'बुर्रिकुस' म्हणजे तट्टू या शब्दावरून. नाव एक, कुळं दोन. लोण्याला स्पेनवाले 'मान्तेकिया' म्हणतात, रोमानियन मंडळी 'उन्त' म्हणतात; लेकींनी एका लोण्यावरही एकमत होऊ दिलेलं नाही. हे सगळं बायकोने जेवता जेवता मोबाइलवरून वाचून दाखवलं, घास न चुकवता. शिवाय आझिनोचा सख्खा भाऊ 'आस्नो' स्पॅनिशमध्येही आहे, अर्थ तोच, गाढव. तो माझ्याच पुस्तकात पुढच्या धड्यात होता. मी तिथवर पोहोचलोच नव्हतो.

बिल मागताना 'पागारे' हे क्रियापद मात्र फटकन सुचलं. पैसे चुकते करणं. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला तो याच कुळातला, आणि मला इटलीत विनातक्रार कळलेला हा एकमेव शब्द माझ्याच खिशाला कात्री लावणारा निघाला.

बिल आलं. बायकोने चष्मा लावून ओळ न्‌ ओळ तपासली.

"बरोबर आहे," ती म्हणाली, "गाढव एकच लावलंय."