मीन संपते तिथून

वसुबारसेची सकाळ. कंदिलाची वायर गेल्या वर्षी नक्की कोणी कुठे ठेवली यावरून घरात भांडण नुकतं कुठे रंगात आलेलं असतं, तेवढ्यात बेल वाजते. दारात वरच्या मजल्यावरचे नाना. काखेत अंकांचा गठ्ठा, अंगावर इस्त्रीचा झब्बा. दिवाळीच्या शुभेच्छा वगैरे नंतर. आधी फक्त दोन शब्द.

"पान ८८."

मी तोंडात ब्रश धरून मान हलवतो. नाना एक अंक चपलांच्या कपाटावर ठेवतात, त्यात खुणेसाठी रेल्वेचं जुनं तिकीट घातलेलं असतं, आणि जिना उतरतात. मग खालच्या मजल्यावरून ऐकू येतं, "पान ८८." मग तळमजल्यावरून. वॉचमनलासुद्धा. वॉचमन बिहारचा आहे, पण त्यालाही आता अठ्ठ्याऐंशी म्हणजे किती ते कळतं.

हे नाना तुमच्याकडेही असणार. नाव दुसरं असेल, भूगोल शिकवत असतील किंवा बँकेत कॅशियर असतील, एवढाच फरक. दिवाळी अंकांत लिहिणारी माणसं. कथा म्हणा, कविता म्हणा, विनोदी लेख, वात्रटिका, विडंबन, संपादक मागेल ते. नानांचं पुस्तक एकही नाही. ते सगळे अंकांत पसरलेले आहेत. गोळा करायचे म्हटलं तर रद्दीवाल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आणि एक गोष्ट लक्षात घ्या. वाचलंत का, आवडलं का, असं नाना चुकूनही विचारत नाहीत. फक्त पान सांगतात. मुलीच्या लग्नात त्यांनी व्याह्यांशी माझी ओळख करून दिली ती अशी: "हे आमचे खालचे. गेल्या दिवाळीत पान ८८वर जो कुत्रा आहे ना, तो यांचा." माझ्या सासूबाई पान २०३वर आहेत. मी न्हाणीघरात घसरून पडलो ते पान ११६, तेही चौकटीत. हाताला प्लास्टर होतं तोवर नाना रोज चौकशीला येत होते. नंतर कळलं की त्यांना शेवट सुचत नव्हता.

दिवाळी अंकाला भूगोल असतो हे मला नानांनी शिकवलं. दर्शनी भागात थोरामोठ्यांची वस्ती. मग परिसंवाद, म्हणजे पाच मान्यवरांनी एकच मत पाच प्रकारे मांडायचं. मग नगरसेवकांचे हात जोडलेले रंगीत फोटो. ("जाहिरातीच्या पानाला नंबर नसतो, पैसे असतात," नाना म्हणतात. "माझ्या पानाला नंबर असतो.") आणि अगदी शेवटी वार्षिक राशिभविष्य. उभा महाराष्ट्र अंक हातात घेतला की आधी तिथे जातो आणि मग चारचौघांत सांगतो की आपण वैचारिक लेख वाचले. म्हणून नानांच्या मते भविष्याला लागून असलेलं पान म्हणजे स्टेशनला लागून असलेला फ्लॅट. गाड्यांचा आवाज होतो खरा, पण माणसं दारावरून जातात.

त्यातही मीनेच्या बाजूचं पान सगळ्यांत उत्तम. "मेषेचा माणूस उतावळा. पहिलीच रास त्याची. वाचली, मिटला अंक. मीनवाल्याला अकरा राशी ओलांडून यावं लागतं. त्याच्या अंगात चिकाटी असते. मीन संपते तिथून मी सुरू होतो." माझी पत्रिका नानांनी याच हेतूने मागून घेतली होती. मी मेष निघालो. त्यानंतर दोन दिवाळ्या मला अंक मिळाला तो न बोलता.

त्यांचं पदार्पण पानपूरक म्हणून झालं. लेख संपला, पान उरलं, तर त्या रिकाम्या तुकड्यात जे चार ओळींचं काही छापतात ते पानपूरक. १९७४ साली नानांनी पाच पानांची विनोदी कथा पाठवली. संपादकांनी तिचं डोकं उडवलं, शेपूट उडवलं आणि मधल्या चार ओळी एका लोणच्याच्या कृतीखाली छापल्या. पाच रुपयांची मनीऑर्डर आली. लोणचं पान ६१.

त्यानंतरची वर्षं 'साभार परत'ची. लेखाबरोबर पुरेशी तिकिटं लावलेलं, स्वतःचा पत्ता घातलेलं पाकीट जोडायचं अशी तेव्हा रीत होती. म्हणजे फासाचा दोरही आपणच पोस्टाने पाठवायचा. स्वीकारलं तर पातळ पाकीट किंवा कार्ड, नाकारलं तर जाड. पोस्टमन जिन्यातच पाकीट हातावर तोलायचा आणि काकूंना खालूनच ओरडून सांगायचा, "जाड आहे हो, वहिनी!" मग काकू त्या दिवशी नानांच्या आवडीची डाळिंब्यांची उसळ करायच्या. महिन्यातून तीनदा उसळ झाली की शेजारपाजारचेही काय ते समजायचे.

सनावळ्या मात्र नानांना तोंडपाठ. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली, हे ते अशा आवाजात सांगतात की त्यांची पहिली कथा त्याच अंकाने परत केली होती की काय अशी शंका यावी. हे मित्र मूळचे आजगावकर, बंगालीच्या प्रेमापोटी मित्र झाले. 'किर्लोस्कर' १९२०, अंतरकरांचा 'हंस' १९४६, पाटकरांचा 'आवाज' १९५१. एकदा हे रेल्वेचं वेळापत्रक चालू असताना काकूंनी मध्येच विचारलं, "आणि आपलं लग्न?" नाना डोळे मिटून म्हणाले, "'सत्यकथा' बंद पडली त्याच्या आदल्या वर्षी." 'सत्यकथा' १९८२ला बंद पडली. उत्तर बरोबर होतं, पण काकू दोन दिवस बोलल्या नाहीत.

'आवाज'ने खिडक्यांची चित्रं लोकप्रिय केली हे तुम्हाला आठवत असेल. वरच्या पानाला चौकोनी खिडकी कापलेली, तिच्यातून आतलं भलतंच काहीतरी दिसतं, पान उलटलं की प्रकरण अगदी सोज्वळ निघतं. मग बऱ्याच जणांनी त्याची नक्कल केली. अशाच एका नकली अंकात नानांचा लेख खिडकीच्या मागच्या बाजूला आला. म्हणजे लेखाच्या बरोबर मध्यावर दीड बाय दोन इंचांचं भोक. विनोदाचं मर्म त्या भोकात गेलं आणि वाचणाऱ्याला वाक्य अर्ध्यावर सोडून मागच्या पानावरच्या बाईचा गुडघा दिसू लागला. "लोक हसले," नाना म्हणाले. "माझ्या लेखावर इतके कधीच हसले नव्हते."

संगणक आला तेव्हा नाना साठीला टेकले होते. भाच्याने त्यांना 'शोधा आणि बदला' ही सोय शिकवली. आता कबूल करायला हरकत नाही, एक कथा दोन अंकांना देणं हे पाप या जमातीत सर्रास चालतं. नायकाचं नाव बदललं की आत्मा शुद्ध होतो. राम नावाच्या नायकाची ग्रामीण कथा नानांनी एका अंकाला दिली होती. दुसऱ्यासाठी रामाचा सुहास केला. संगणकाने जिथे जिथे राम दिसला तिथे तिथे इमानेइतबारे सुहास बसवला. छापून आलं ते असं: सुहास ग्सुहासपंचायतीत शिरला तेव्हा सरपंच आसुहासखुर्चीत पेंगत होते, सुहासने त्यांना लवून सुहाससुहास घातला. संपादकांनी वाचलं नाही, प्रूफं तपासणाऱ्याने वाचलं नाही, नानांनीही नाही.

"अहो, निदान तुम्ही तरी?" मी म्हणालो.

"मी पान पाहिलं. १७४."

हे सगळं चालायचं भर उन्हाळ्यात. संपादकांना मजकूर जूनअखेर हवा असतो, त्यामुळे नाना वैशाखात गंजीफ्रॉक पिळत पिळत गुलाबी थंडीतल्या अभ्यंगस्नानावर लिहितात. गणपतीत कोणी भेटलं तर "यंदा सतरा," एवढंच सांगतात. सतरा अंकांत. मानधन सतरांपैकी चारांचं येतं, उरलेल्यांचं "अंक घरपोच" एवढ्यावर भागतं, आणि घरपोच म्हणजे स्टॉलवरून स्वतः विकत आणायचा. नरकचतुर्दशीला पहाटे अख्खी तरुण डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर लोटते. त्या सेल्फींच्या गर्दीतून खांदा मारत नाना अंकांच्या स्टॉलपर्यंत पोचतात, आपला अंक चळतीच्या तळातून काढून सगळ्यांत वर ठेवतात आणि समोरच्या फुटपाथवर उभे राहून बघतात. स्टॉलवाला तो पुन्हा खाली ठेवतो. नाना पुन्हा रस्ता ओलांडतात. मी हे तीन फेऱ्यांपर्यंत मोजलं आहे. पुढे माझीच बायको मला शोधत आली.

तर असे नाना. वैताग आणणारा माणूस. मी काही लपवत नाही. वसुबारसेला बेल बंद करून ठेवावी असं माझ्या मनात अनेकदा आलेलं आहे.

मग २०२०ची दिवाळी आली. लोकल सगळ्यांसाठी खुली नव्हती, छापखाने थंड होते. काही अंक निघालेच नाहीत, काही पीडीएफ होऊन फोनवर आले. पीडीएफने नानांची वेगळीच पंचाईत केली. पानाखाली छापलेला आकडा ९६ आणि पडद्यावरचा आकडा १००, कारण पडदा मुखपृष्ठ आणि जाहिरातीही मोजतो. सांगायचं कुठलं? दोन दिवस विचार करून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: "पान ९६ (वर १००)." तीन अंगठे आले. एक माझा होता. मी फाइल उघडली नव्हती.

त्याच्या पुढच्या वर्षी वसुबारसेला बेल वाजलीच नाही. साडेसात झाले, आठ झाले. कंदिलाची वायर पहिल्याच खोक्यात सापडली, भांडायलाही काही उरलं नाही. मला करमेना. शेवटी मीच वर गेलो. नाना खिडकीशी फोन घेऊन बसले होते.

"यंदा?" मी विचारलं.

"लिंक पाठवलीय."

"पान?"

"पान नाही त्याला." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला आणि अंगठ्याने पडदा वर सारायला लागले. "हे असं खाली खाली जात राहायचं. मॉड्युलर किचन येतं. मग गुडघेदुखीचं तेल. मग मी." अंगठा जरा जोरात सरकला आणि नाना निघून गेले. परत शोधायला आम्हाला पाच मिनिटं लागली.

काकूंनी त्या दिवशी उसळ केली होती.

परवाच्या दिवाळीत मात्र बेल वाजली. काखेत गठ्ठा नव्हता. सतरांचा आता एक उरला होता. तो छापील होता, पण लेखकाला एकच प्रत मिळाली होती आणि ती त्यांना हातावेगळी करवत नव्हती. म्हणून नुसताच आकडा द्यायला आले होते. "पान १४२. मीनेच्या मागे."

वाचनालयात अंकांसाठी वेगळी वर्गणी भरावी लागते. ती भरून मार्गशीर्षात मी तो अंक घरी आणला. तोवर तो वीस-पंचवीस घरं हिंडून आला होता, पाठीला खाकी कागद, कण्याला दोऱ्याचे टाके. मी आधी मेष वाचली. सवय. मग पान १४१वर मीन, आणि तिच्या खालच्या कोपऱ्यात तुपकट अंगठ्याचा ठसा. पान उलटलं. १४२च्या कोपऱ्यात तोच अंगठा, जरा पुसट. पहिल्याच परिच्छेदात 'गृहीणी'वर कोणीतरी पेन्सिलने बारीक रेघ मारून 'गृहिणी' केलं होतं. १४३वर 'आर्शिवाद'चा 'आशीर्वाद'. आणि १४५वर, कथा संपायला तीन ओळी उरल्या असताना, सुटलेला एक अनुस्वार अगदी जपून दिला होता. खाली शेरा काही नाही.

मी अंक घेऊन वर गेलो. नानांनी चष्मा बदलला.

"गृहिणी मी बरोबरच लिहिलं होतं," ते आधी म्हणाले. मग १४५वर जाऊन बोटाने खालून ओळी मोजल्या. एकदा, आणि परत एकदा. मग १४१वर परत आले आणि तो अंगठ्याचा डाग नाकाजवळ नेला.

"अनारसा," ते म्हणाले. "मीन आहे. मी सांगत नव्हतो?"

मी म्हणालो, "नाना, उद्या परत द्यायचाय."

"हो, हो. पेन्सिल आहे?"

मी दिली. त्यांनी कथेच्या शेवटी, जिथे पानपूरक टाकायला संपादकांना काही सुचलं नव्हतं त्या कोऱ्या जागेत, बारीक अक्षरांत लिहिलं: 'पुढच्या वर्षीचं पान कळवीन.'

दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या बाईंनी पानं चाळली आणि माझ्याकडून वीस रुपये दंड घेतला. चारही ठिकाणचा.