आम्ही सावकार झालो

आमच्या घराण्यात आजवर कुणी कुणाला कर्ज दिल्याची नोंद नाही. घेतल्याच्या नोंदी मात्र मुबलक आहेत. गावच्या सेवा सहकारी सोसायटीच्या रजिस्टरात आजोबांचा अंगठा, वडिलांची मोडकी सही आणि माझी झोकदार इंग्रजी सही अशी तीन पिढ्यांची शैक्षणिक प्रगती एकाखाली एक बघायला मिळते. खरिपाच्या तोंडावर पीककर्ज उचलायचं, सोयाबीन बाजार समितीत नेलं की भाव ऐकून मान खाली घालायची आणि फेडीची गोष्ट पुढच्या हंगामावर टाकायची, ही आमची कुळरीत. अशा घरातला मी एके दिवशी कागदोपत्री सावकार झालो. आणि ऋणको कोण, तर एक विमान कंपनी!

कंपनीचं नाव सांगत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

निमित्त बारशाचं होतं. मुलगी बेंगळुरूला असते. साडूंनी सुचवलं, की आयुष्यभर एसटीत हाडं खिळखिळी केलीत, आता नातवाच्या नावानं तरी एकदा विमानात बसा. वाशिम जिल्ह्यातल्या माणसाला विमानात बसायचं तर आधी जिल्हा सोडावा लागतो. अकोल्याला शिवणीचा विमानतळ आहे, पण त्याची धावपट्टी वाढवायची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. उड्डाण काय ते चर्चाच घेते. म्हणून नागपूर ठरलं. गावातल्याच एका ट्रॅव्हल एजंटाकडून तिकिटं काढली. पैसे रोख दिले, कारण सोयाबीनचे पैसे नुकतेच हातात आले होते आणि हातातले पैसे बँकेत भरून पुन्हा बँकेतून काढायचे, हा उद्योग मला आजही समजत नाही.

मग सामान. माणशी 15 किलोची मर्यादा. हिनं तुरीची डाळ, हळद, डिंकाचे लाडू, ज्वारीच्या पापड्या आणि लोणच्याची बरणी अशी बॅग भरली आणि ती मोजायला मी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली. काट्यावर बॅग ठेवली, आकडा 17 किलो 400 ग्रॅमवर जाऊन थरथरत थांबला. दुकानदारानं चष्मा वर केला, बॅगेकडे पाहिलं आणि सवयीनं विचारलं, ‘‘बारदाना वजा करू काय काकाजी?’’ विमानतळावर बारदाना वजा करत नाहीत, हे कळल्यावर त्याचा विमान प्रवासावरचा विश्वासच उडाला. लोणचं बाहेर काढलं.

निघायच्या आदल्या रात्री मोबाइलवर संदेश आला : काही अपरिहार्य कारणांमुळे आपलं उड्डाण रद्द करण्यात आलं आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. म्हातारी आई खाटेवरूनच म्हणाली, ‘‘टायर पंचर झाला असन रे बाप्पा. दुसरं इमान लावतीन ना!’’

आईचं चुकत नव्हतं. तिचा सगळा हिशेब एसटीचा. गाडी मालेगावच्या अलीकडे बंद पडली, की कंडक्टर रस्त्यात उभा राहून मागून येणाऱ्या गाडीला हात दाखवतो आणि त्याच तिकिटावर सगळ्यांना तिच्यात कोंबतो. उभ्यानं जावं लागतं, पण जाता येतं. रेल्वेनं गाडीच रद्द केली तर ई-तिकिटाचे पैसे आपोआप खात्यात परत येतात. विमानाच्या जगात बंद पडलेल्या एका कंपनीच्या प्रवाशांना दुसरीनं आपल्यात घ्यावं, असा कायदा नाही. उलट एक कंपनी बसली, की उरलेल्यांची भाडी चढतात. 2019 साली जेट एअरवेज थांबली तेव्हा हेच झालं. थोडक्यात, ज्याचं तिकीट बुडालं त्यालाच नवं तिकीट महाग पडतं.

सकाळी कळलं, की उड्डाणच नव्हे, कंपनीच बसली आहे. मग घरात सल्लागार मंडळ बसलं. साडू बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे अध्यक्षपद त्यांच्याकडे. त्यांनी पहिला उपाय सांगितला. तिकीट कार्डानं काढलेलं असेल, तर कार्ड देणाऱ्या बँकेला लिहायचं, की पैसे गेले पण सेवा मिळाली नाही. याला चार्जबॅक म्हणतात. बँक विमान कंपनीच्या बँकेकडून पैसे ओढून आणते. ठरलेल्या प्रवासाच्या तारखेपासून साधारण 120 दिवसांत हे करायचं. उपाय एकदम रामबाण. मी म्हटलं, पैसे रोख दिले. साडूंनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी नजर ते काउंटरवर फाटकी नोट आली की टाकत.

दुसरा उपाय विम्याचा. तिकीट काढताना एजंटानं एका चौकटीत खूण करून प्रवास विमा घेतला होता. भाच्यानं पॉलिसी मोबाइलवर वाचून काढली. त्यात आजारपण होतं, हरवलेली बॅग होती, उशीर होता. कंपनीच दिवाळखोरीत गेली तर काय, याचं उत्तर शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होतं : भरपाई नाही. अनेक पॉलिसींत ते असंच असतं. बॅग हरवली तर पैसे मिळणार आणि विमान हरवलं तर नाही.

मग एजंट गाठला. तो आमच्याहून दुःखी. ‘‘काकाजी, तुमचे पैशे तं मी त्याच दिवशी कंपनीले भरले. माह्या खात्यात तिकडं अजून किती अडकले, सांगू काय तुमाले?’’ एजंट लोक तिकिटं काढण्यासाठी कंपनीकडे आधीच पैसे भरून ठेवतात. कंपनी थांबली, की ते पैसेही तिथंच थांबतात. म्हणजे तो माझ्याहून मोठा सावकार निघाला. त्याला चहा मीच पाजला.

वकील पुतण्या तेवढा उरला होता. मी म्हटलं, ग्राहक आयोगात जाऊ. तो म्हणाला, एरवी जा. उड्डाण रद्द झालं तर दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे. तोही चालला नाही तर 1915 हा ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, जिल्हा आयोग आहे. पण हे सगळं जित्या कंपनीसाठी. कंपनीचं प्रकरण 2016 च्या दिवाळखोरी संहितेखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात दाखल करून घेतलं गेलं, की तिच्यावर नवे दावे लावायला आणि जुने चालवायला बंदी येते. मग एकच दार उरतं. न्यायाधिकरणानं नेमलेल्या माणसाकडे मुदतीत फॉर्म भरायचा, तिकीट आणि पैसे भरल्याचा पुरावा जोडायचा आणि म्हणायचं, की या कंपनीकडे माझं इतकं येणं आहे.

असा मी सावकार झालो. फॉर्म भरताना छाती भरून आली, हे कबूल करायला हरकत नाही. एका खान्यात ऋणकोचं नाव लिहायचं होतं. आमच्या तीन पिढ्यांचं नाव आजवर नेमकं त्याच खान्यात पडत आलं होतं.

पण कंपनी मोडीत निघाली, की वाटप कसं होतं ते पुतण्यानं नंतर सांगितलं. संहितेचं 53 वं कलम म्हणजे भंडाऱ्याची पंगत समजा. पहिल्या पंगतीला या सगळ्या कामकाजाचा खर्च. दुसरीला कामगार आणि तारण घेतलेल्या बँका. तिसरीला इतर कर्मचारी. चौथीला विनातारण कर्ज देणारे. पाचवीला सरकार. सहावीला ‘उरलेले’, म्हणजे आपण. सातवी-आठवी भागधारकांची. पानं मांडतात, द्रोण ठेवतात, मीठही वाढतात; पण सहाव्या पंगतीपर्यंत भाजी पोचल्याचं फारसं ऐकिवात नाही. त्यातून दुसऱ्या पंगतीला बसलेल्या बँकांचं जेवण तुम्हाला ठाऊकच आहे.

आणि हा कार्यक्रम चालतो किती? किंगफिशरचं लायसन ऑक्टोबर 2012 मध्ये निलंबित झालं. जेटनं 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान आणलं आणि सेवा ‘तात्पुरती’ थांबवत असल्याचं सांगितलं. ते तात्पुरतेपण साडेपाच वर्षं टिकलं. 7 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडीत काढायचा आदेश दिला. गो फर्स्टनं 3 मे 2023 पासून तीन दिवसांची उड्डाणं रद्द केली, मग आणखी काही दिवसांची, मग आणखी काही. दर आठवड्याला नवी तारीख. आमच्या भागात दिवाणी दावा चालवलेल्या माणसाला ही पद्धत परकी वाटणार नाही. जानेवारी 2025 मध्ये तिच्याही मोडतोडीचा आदेश निघाला.

आमच्या शेजारचं उदाहरण तर आणखी जवळचं. नांदेड आम्हाला नागपूरपेक्षा सोयीचं, हिंगोली ओलांडली की आलंच. 27 एप्रिल 2017 ला पंतप्रधानांनी शिमल्याहून ‘उडान’ योजनेचा आरंभ केला, तेव्हा पहिल्या तीन मार्गांत नांदेड–हैदराबाद होतं. हवाई चप्पलवाल्यानं हवाई प्रवास करावा, ही कल्पना. निम्म्या जागांना तासाभराच्या प्रवासाचं भाडं 2500 रुपयांपर्यंत बांधून दिलेलं. या मार्गावरची ट्रूजेट कंपनीची विमानं फेब्रुवारी 2022 मध्ये बंद पडली. त्याच वेळी इकडे एसटीचा संप चालू होता आणि लाल गाड्या आगारात धूळ खात होत्या. त्या फेब्रुवारीत वाशिमच्या माणसापुढे आकाश आणि रस्ता दोन्ही एकाच वेळी बंद होते. फरक इतकाच, की एसटी संप मिटल्यावर परत आली.

आम्ही शेवटी रेल्वेनंच गेलो. वाशिमहून काचीगुडा, तिथून बेंगळुरू. रेल्वेत काट्याची भानगड नसल्यानं लोणचंही परत भरलं. बारसं एक दिवस पुढे ढकलावं लागलं. नातवाची काही तक्रार नव्हती.

इंग्लंडात यावर तोडगा काढलेला आहे. तिथं पॅकेज सहलींसाठी अ‍ॅटोल नावाची योजना 1973 पासून चालते. सहल कंपनी माणशी अडीच पौंड एका निधीत भरते. सप्टेंबर 2019 मध्ये थॉमस कुक बुडाली तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना सरकारनं विमानं भाड्यानं घेऊन घरी आणलं. आपल्याकडे बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे. तीन-तीन महिने आधी भरलेले तिकिटाचे पैसे म्हणजे विमान कंपनीला दिलेली बिनव्याजी ठेवच, पण तिला कवच नाही.

तेव्हा असं सुरक्षा शुल्क सरकारनं आपल्याकडेही सुरू करावं. तिकिटामागे पाच-दहा रुपये घ्या, निधी उभा करा आणि कंपनी बसली की त्यातून पैसे परत द्या. तोवर वाचकांना एवढंच सांगतो : विमानाचं तिकीट क्रेडिट कार्डानं काढा, त्याची प्रत जपून ठेवा आणि सहा महिने आधीच्या स्वस्त सेलला भुलू नका. घाईघाईनं रोकड गोळा करायला निघालेली कंपनीही सेलच लावते.