आउट ८८८

जबलपूरचा निवृत्त माणूस स्वस्थ बसत नाही. बसणार तरी कसा? १९०४ पासून इथे तोफांचे गाडे होतात, खमरियाला दारूगोळा होतो, १९६९ मध्ये लष्करी ट्रकांचाही कारखाना आला. जन्मभर असलं अवजड काहीतरी जोडलेला माणूस साठीला घरी आला, की त्याचे हात शिवशिवू लागतात. आमच्या शेजारचे काका फाटकाची कडी दर रविवारी नव्याने बसवतात. समोरचे भाऊजी चांगला चालता कूलर उघडतात. आमच्या ह्यांनी डेस्कटॉप धरला.

हे दूरसंचार खात्यातले. त्यामुळे तारा, रिले, सोल्डरचा धूर हे आधीपासूनच अंगवळणी. मुलगा नोकरीला जाताना जुना कॉम्प्युटर दाखवून म्हणाला, ‘बाबा, हा आता भंगारात द्या.’ ह्यांनी तो पाठमोरा केला, मागे प्रिंटरचा पंचवीस भोकांचा पोर्ट दिसला, आणि दारात आलेला भंगारवाला हात हलवत परत गेला.

आता तर मलाही पाठ झालंय. दोन ते नऊ नंबरची आठ भोकं कामाची, अठरा ते पंचवीस ग्राउंड. कामाच्या प्रत्येक भोकाला वायर, वायरीला ४७० ओहमचा रेझिस्टर, त्यापुढे एलईडी. क्यूबेसिकमध्ये ‘आउट ८८८, १’ लिहिलं की पहिला दिवा लागतो, २ ला दुसरा, ४ ला तिसरा, २५५ ला आठही. ८५ आणि १७० आलटून पालटून दिले की एक सोडून एक. विंडोज एक्सपी प्रोग्रामला थेट पोर्टला हात लावू देत नाही, म्हणून आमच्याकडे विंडोज ९८ अजून सुखाने नांदतंय. त्याच्यावर ना बँक उघडते, ना नातवाचा फोटो. पण आठ दिवे लागतात.

दिवाळीला हे दिवे आकाशकंदिलात गेले. गल्लीत बाकीच्यांनी बाजारातल्या माळा सोडल्या होत्या, त्याही अशाच लुकलुकत होत्या. आमचा कंदील मात्र मागे मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड असा सगळा लवाजमा उभा करून लुकलुकत होता. शेजारच्या काकू फराळ घेऊन आल्या. टेबलावर जागा कुठली? त्यांनी ताट कीबोर्डवर ठेवलं. कुठलंही बटण दाबलं की प्रोग्राम थांबावा, ही सोय ह्यांनी स्वतःच करून ठेवली होती. ती चकल्यांच्या वजनाने वापरली. पोर्ट शेवटचा आकडा धरून ठेवतो. कंदील ८५ वर अडकला, चार लागलेले, चार विझलेले. काकू म्हणाल्या, ‘भाऊजी, हेच छान दिसतंय.’ हे त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत.

मग रिले आला. कॉम्प्युटर सुरू केला की स्पीकर, प्रिंटर आणि टेबललॅम्प आपोआप सुरू व्हावेत, वेगळी बटणं दाबावी लागू नयेत, असा उदात्त हेतू. यूएसबीच्या पाच व्होल्टवर छोटा रिले, त्याच्या कॉइलला उलटा जोडलेला डायोड, बस्स. सर्किट खरंच सोपं आणि स्वस्त. ‘टक’ असा आवाज आला आणि सगळं लागलं. रात्री कॉम्प्युटर बंद केला, तर लॅम्प तसाच! काही मदरबोर्ड बंद असतानाही यूएसबीला वीज देत राहतात, हे ज्ञान घराला रात्री साडेअकराला झालं. सकाळी हे मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये. तिथला दुकानदार ह्यांना लांबूनच ओळखतो. ‘काए बड्डे, आज का बना रए?’ एवढं विचारलं की ह्यांचा तास मोडलाच. मी तोवर बाहेर उभी. शेवटी हार्ड डिस्कच्या कनेक्टरची लाल आणि काळी वायर घेतली, आणि लॅम्पला वळण लागलं.

पंख्याचं प्रकरण थोडक्यात सांगते. कॅबिनेट तापलं तरच पंखा फिरावा, गार झालं की थांबावा, म्हणून थर्मिस्टर बसवला. तो मे महिन्यात. जबलपूरच्या मेमध्ये खोलीच एवढी तापते, की पंखा एकदा फिरू लागला तो पाऊस पडेपर्यंत थांबला नाही. ‘पाहिलंस? सर्किट अचूक आहे,’ हे म्हणाले, आणि कूलर स्वतःकडे वळवून घेतला.

भंगारातल्या एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र माझा जीव आहे. हिरवी वायर काळीला टेकवली की तो कॉम्प्युटरशिवायच सुरू होतो. पिवळीवर बारा व्होल्ट, लालवर पाच. ह्यांचे सगळे प्रयोग त्याच्यावर चालतात, म्हणून स्वयंपाकघरातला प्लग मला परत मिळाला. त्याचं झाकण मात्र उघडायचं नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. आमच्या घरात न मोडलेला हा एकच नियम.

गेल्या महिन्यात पुण्याहून भाचा आला. मामाला दाखवायला नवाकोरा, पातळ लॅपटॉप. किती जीबी, किती कोअर, सगळं उत्साहाने सांगत होता. ह्यांनी चष्मा लावला, लॅपटॉप मिटून हातात घेतला, चारही कडांवरून बोट फिरवलं, उलटाही करून पाहिला.

‘अरे, याला भोकंच नाहीत,’ हे म्हणाले. ‘मग तू यावर करतोस काय?’