दिवा पेटत नसेल तर : नवशिक्या ऑपरेटरसाठी

घाटकोपरला ओडियन, मुलुंडला मेहुल, बोरिवलीला अजंता एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचा पत्ता विचारायचा नाही, त्या काळातली ही विद्या. आमचं टॉकीज यांतलं नव्हे. मालक हयात आहेत, नाव विचारू नका.

केबिनमध्ये दोन मशीन, प्रत्येकात २,००० वॉटचा झेनॉन दिवा. २,००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं. शेवटची दोन मिनिटं उरलीत, तुम्ही दुसऱ्या मशीनचं बटण दाबलंत आणि दिवा पेटला नाही. अभिनंदन, शिकवणी सुरू झाली.

१. घाबरू नका. भोकातून खाली बघा. स्टॉलमधून शिट्ट्या येत असतील तर वेळ आहे. खुर्च्या आपटत असतील तरी आहे. बाल्कनीतले काका घड्याळ बघत उठले, की मॅनेजर जिना चढतोय असं समजा.

२. कान लावा. चट-चट ऐकू येतंय? म्हणजे इग्नायटर हजारो व्होल्टची ठिणगी टाकतोय, त्याला शिव्या देऊ नका. ठिणगी पडते पण ज्योत धरत नाही, याचा अर्थ रेक्टिफायर कमी पडतो. हा दिवा रुसलेल्या जावयासारखा आहे. एकदा पेटला की २५-३० व्होल्टवर मुकाट जळतो, पण पेटताना त्याच्या तिप्पट-चौपट मान लागतो. हे मालकांना सांगा. ते ‘व्होल्टेज’ एवढाच शब्द ऐकतील आणि वीज कंपनीवर घसरतील, अंधेरीत असतील तर बीएसईएसवर, मुलुंडात असतील तर एमएसईबीवर. दोघींचाही संबंध नसतो. डायोड दिवाळीपासून गेलेला असतो.

३. चट-चटही नाही? मग दाराचा किंवा ब्लोअरचा स्विच बघा. दार उघडं असेल किंवा वारा खेळत नसेल, तर मशीन दिवा पेटवायलाच नकार देतं. कारखान्यात याला सुरक्षा म्हणतात, केबिनमध्ये फॉल्ट. ब्लोअरमधला केर काढायला दहा मिनिटं लागतात. स्विचमध्ये तिकिटाच्या अर्धुकाची घडी खुपसायला दहा सेकंद. बाल्कनीचं तिकीट घ्या, कागद जाड असतो.

४. वायरीचं टोक काळं पडलंय का बघा. घासा, आवळा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं, म्हणून हे सर्वांत शेवटी करायचं असतं. आधी उदबत्ती.

५. आता तासांचं मीटर. दिव्याचं आयुष्य दीड-दोन हजार तास. रोज चार खेळ, दोन मशीनमध्ये वाटले तर प्रत्येकी पाच तास, म्हणजे वर्षभरात दिवा रिटायर व्हायला हवा. आमच्याकडे त्याला मुदतवाढ मिळायची. काच आतून काळवंडे, पडद्यावर भरदुपारी संध्याकाळ होई, पब्लिकला वाटे कॅमेरामनचीच कला. नवा दिवा मागितलात तर मालक हिशेबाची वही उघडतील. शुक्रवारच्या नारळाचे पैसे मात्र न मागता मिळतात.

६. बदलायची पाळी आलीच, तर नियम ऐका. गार दिव्यातही वायू वातावरणाच्या कित्येक पट दाबाने कोंडलेला असतो, तापला की आणखी तिपटीने. म्हणून आधी गार होऊ द्यावा, तोंडावर जाळी, हातात मोजे, काचेला बोट लावायचं नाही. तुमच्यापाशी डोअरकीपरचं हेल्मेट आणि शर्टाचं टोक आहे. फुटला तर आरसाही फुटेल. त्याची चिंता मालक करतील, तुमची घरचे करतील.

जाड टोक प्लस, बारीक टोक मायनस. उलटं जोडलंत तर नवाकोरा दिवा काही सेकंदांत कामातून जातो. हे ज्ञान मी स्वखर्चाने मिळवलं. पगारातून, सहा हप्त्यांत.

७. पेटला? छान. पडदा अजून काळाच? डाउझर उघडा. तो बंद होता हे कोणाला सांगू नका.

थोड्या वेळाने कँटीनवाला वर दोन समोसे आणि कटिंग पाठवेल. एका खेळात दोन मध्यंतरं झाली ना, त्याचे. नाही म्हणू नका. उद्या कितीच्या खेळाला, असं त्याने विचारलं तर सहाचा सांगा. तेव्हा गर्दी असते.